सासूबाईंना ध्रुवीय प्रकाश दाखवताना

माझ्या सासूबाईंनी साताऱ्याच्या एका मुलींच्या शाळेत तेहेतीस वर्षं भूगोल शिकवला. ध्रुवीय प्रकाशाचा धडा त्यांनी तेहेतीस वेळा घेतला. आणि तो प्रकाश आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या डोक्यावर आला, तेव्हा मी त्यांना झोपायला पाठवलं.

ही मे महिन्यातली गोष्ट. सासूबाई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, इलिनॉयमधल्या नेपरव्हिलला आल्या होत्या. घरात आम्ही तिघं: मी, माझी बायको केतकी आणि आमची तेरा वर्षांची मुलगी ओवी. मी आयटीत रिलीज मॅनेजर आहे. म्हणजे काही बिघडणार नाही असं आधी सगळ्यांना लेखी कळवायचं आणि बिघडलं की मीटिंग बोलवायची, हा माझा पेशा.

त्या दिवशी जेवताना सासूबाई म्हणाल्या, "मकरंदराव, सूर्यावर मोठं वादळ झालंय म्हणे. आज ध्रुवीय प्रकाश बराच खाली उतरेल. इथूनही दिसेल."

मी वरणभात कालवता कालवता हसलो. ते हसू मला अजून नडतंय.

"आई, आपण एक्केचाळीस अंशावर आहोत. इथे कुठला दिसायला? त्यासाठी अलास्काला जावं लागतं."

"पावणेबेचाळीस," सासूबाई म्हणाल्या.

"तरीही. आणि तुमचा जेट लॅग अजून गेला नाहीये. तुम्ही आपल्या शांत झोपा."

त्या शांत झोपल्या. आम्हीही झोपलो. सकाळी दूध आणायला गेलो तर काउंटरवरच्या मुलीने मला तिच्या फोनवर गुलाबी आकाश दाखवलं. खाली त्याच दुकानाची पाटी होती. पोस्टमनने पाहिलं होतं. ओवीच्या व्हायोलिनच्या बाईंनी पाहिलं होतं. समोरच्या घरातल्या कुत्र्याचासुद्धा गुलाबी आकाशाखाली बसलेला फोटो आला. सगळं नेपरव्हिल आपापल्या ड्राइव्हवेत उभं राहून तो सोहळा बघत असताना आमच्या घरात चार माणसं घोरत होती.

सासूबाईंनी सगळे फोटो पाहिले. कुत्र्याचा फोटो मात्र त्यांनी दोन बोटांनी मोठा करून नीट पाहिला.

बोलायला त्यांनी नंतर सुरुवात केली, आणि तीही अगदी सौम्यपणे. "मकरंदराव, उद्या पाऊस आहे का हो? तुमचं काय मत?" मी म्हणायचो, नाही. मग त्या छत्री घेऊन बाहेर पडायच्या. मी एखाद्या रस्त्याला ट्रॅफिक नसेल म्हटलं, की त्या बरोबर फराळाचा डबा घ्यायच्या. पाच महिने हे चाललं. सगळ्यात वाईट म्हणजे छत्री आणि डबा, दोन्ही दर वेळी उपयोगी पडले.

ऑक्टोबरात त्यांचं परतीचं विमान दोन दिवसांवर आलं. त्या दिवशी दुपारी त्या बॅगा भरत होत्या आणि मी घरूनच काम करत होतो. तेवढ्यात माझ्या फोनवर सूचना आली की आज पुन्हा मोठं सौरवादळ आहे आणि संध्याकाळ पडताच इलिनॉयमधून ध्रुवीय प्रकाश दिसण्याची दाट शक्यता आहे. (मे महिन्यानंतर मी असली तीन ॲप फोनवर घातली होती. लोक आजारी पडल्यावर व्यायाम सुरू करतात, त्यातलाच प्रकार.)

मी धावत खोलीत गेलो. "आई, आज दिसणार."

त्या वजनकाट्याला लटकवलेल्या बॅगेकडे बघत होत्या. "असं तुम्हाला वाटतंय का?" त्यांनी काळजीने विचारलं.

"नक्की दिसणार."

"अरेरे," त्या म्हणाल्या.

त्याच क्षणी मी ठरवलं की काहीही झालं तरी या बाईंना ध्रुवीय प्रकाश दाखवल्याशिवाय विमानात बसू द्यायचं नाही. ऑफिसला डोकं दुखतंय म्हणून कळवलं आणि एक्सेल शीट उघडली.

केतकीचं म्हणणं अगदी सरळ होतं. "तासभर ड्राइव्ह करून पश्चिमेला शेतांकडे जाऊ. तिथे मिट्ट अंधार असतो. गाडीत बसून बघू."

"आईंचा गुडघा?"

"गाडीत बसायला गुडघा लागत नाही, मकरंद."

पण मी ठरवून टाकलं होतं. मे महिन्यात लोकांनी घरातून पाहिला, तर आम्हीही घरातूनच बघणार. आता खरं सांगतो, यात गुडघ्याचा काही संबंध नव्हता. माझ्या घरून दिसत नाही असं मी म्हणालो होतो, तर माझ्याच घरून दाखवून मला ते खोडून काढायचं होतं. चूक दुरुस्त करायची तर जिथे केली तिथेच करावी, असं मला वाटत होतं.

आता घराची रचना सांगतो. आमच्या घराचं तोंड उत्तरेला आहे आणि बरोबर दारासमोर रस्त्याचा दिवा आहे. तो इतका लख्ख आहे की त्याच्याखाली सुईत दोरा ओवता येतो. म्हणजे पुढे उभं राहून उपयोग नाही. मागच्या बाजूला बॅकयार्ड. तिथे बसून उत्तरेला बघायचं तर आमच्याच घराच्या छपरावरून बघावं लागणार. घर मध्ये आल्यामुळे रस्त्याचा दिवा झाकला जातो, हा फायदा. घर मध्ये आल्यामुळे घरातला एकही दिवा चालू ठेवता येणार नाही, ही अट. मी ही अट शीटमध्ये लाल रंगात लिहिली.

राहिला शेजारी. आमच्या डाव्या हाताला हॅरल्ड नावाचे आजोबा एकटे राहतात. वय ऐंशीच्या पुढे, मन सोन्यासारखं आणि कान कामातून गेलेले. त्यांच्या भिंतीवरच्या मोठ्या दिव्याचा उजेड आमच्या बॅकयार्डवर पडतो. सूर्य मावळायच्या सुमारास मी त्यांचं दार वाजवलं. ध्रुवीय प्रकाशाला इथले लोक नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे उत्तरेचे दिवे, म्हणतात.

"हॅरल्ड, टुनाइट, नॉर्दर्न लाइट्स! कॅन यू हेल्प मी विथ युवर लाइट्स?"

"लाइट्स?" ते म्हणाले. "इज इट दिवाली अल्रेडी?" (दर दिवाळीला आम्ही त्यांना चकल्या देतो. त्या ते दात काढून ठेवून चघळतात.)

"नो, नो. नॉर्दर्न लाइट्स."

"ओह, द नॉर्दर्न लाइट्स. शुअर."

मी आभार मानून परत फिरलो. आमच्या ड्राइव्हवेत पोचतो न पोचतो तोच हॅरल्डच्या घराच्या उत्तरेकडच्या भिंतीवरचे चारही दिवे एकदम लागले. त्यांनी खिडकीतून मला हात केला.

मी पुन्हा गेलो. या वेळी हातवारे करून दाखवलं, सगळे दिवे बंद. त्यांचा चेहरा पडला. कुठला तरी सण आपल्यामुळे रद्द झाला असं त्यांना वाटलं असावं. पण त्यांनी निमूटपणे घरातला एकूण एक दिवा बंद केला आणि अंधारात खिडकीशी जाऊन बसले.

इकडे आमच्या घरातले दिवे विझवणं सोपं नव्हतं. खोल्यांमधले दिवे मिनिटभरात झाले. मग दिसू लागले ते छोटे छोटे. मायक्रोवेव्हचं घड्याळ, टीव्हीचा लाल ठिपका, राउटरचे पाच हिरवे ठिपके, ओवीच्या खोलीतला जेलीफिशचा दिवा. मी चिकटपट्टी घेऊन घरभर फिरलो. एक झाकावा तर दुसरा दिसावा. डिशवॉशर जमिनीवर निळा ठिपका पाडतो हे मला सहा वर्षांत कळलं नव्हतं.

शेवटी मी म्हणालो, "मेन स्विचच बंद करतो."

"फ्रिजमध्ये आईने प्रवासासाठी केलेल्या दशम्या आहेत," केतकी म्हणाली.

"अर्ध्या तासात दशम्यांना काय होतंय?"

"बाबा, वाय आर यू लाइक धिस?" ओवीने विचारलं. तिला खरोखरच उत्तर हवं होतं असं वाटलं.

घडीच्या खुर्च्या गॅरेजमध्ये होत्या, त्यामुळे सगळे गॅरेजच्या बाजूच्या छोट्या दारातून मागे गेले. सासूबाईंनी दोन स्वेटर, त्यावर माझं जॅकेट आणि कानटोपी असा जामानिमा केला होता. मी शेवटी राहिलो, गॅरेजमधल्या पेटीतला मेन स्विच खाली ओढला, छोट्या दारातून बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. दाराने क्लिक असा आवाज केला. तेव्हा तो मला फार समाधानाचा वाटला.

बॅकयार्डात खरंच सुरेख अंधार झाला होता. चौघं रांगेत खुर्च्या टाकून आमच्याच घराच्या छपराकडे बघत बसलो. पहिली दहा मिनिटं छपरावर काही नव्हतं. नंतरची दहा मिनिटंही नव्हतं. सासूबाई ओवीला सूर्यावरून येणारे कण आणि पृथ्वीचं चुंबकत्व समजावून सांगत होत्या. ओवी इंग्रजीत प्रश्न विचारत होती, त्या मराठीत उत्तरं देत होत्या आणि दोघींचं छान चाललं होतं.

मग घरातून आवाज आला. "टिंव."

"काय ते?" केतकीने विचारलं.

"धुराचा अलार्म. वीज गेली की कधी कधी वाजतो. काही नाही, एकदा वाजून थांबतो."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि कानटोपी कानांवर घट्ट ओढली. अलार्म पुढचा पाऊण तास दर अर्ध्या मिनिटाला वाजत राहिला.

थोड्या वेळाने ओवी म्हणाली, "आय नीड टु गो टु द बाथरूम."

"जा ना. त्या छोट्या दारातून जा. टॉर्च घे."

ती गेली आणि परत आली. "इट्स लॉक्ड."

मी जाऊन पाहिलं. दार लागलं होतं. ते आपोआप लागतं. किल्ली गॅरेजच्या आतल्या खिळ्याला. गॅरेजचं मोठं दार बटणाने उघडतं आणि बटणाला वीज लागते. मागच्या काचेच्या सरकत्या दाराला मीच चोरांच्या भीतीने आतून लाकडी दांडा टाकून ठेवलेला. पुढच्या दाराचं कुलूप आकडे दाबून उघडतं, पण त्याची बॅटरी संपत आली आहे असं केतकी तीन आठवडे सांगत होती. मी पुढे जाऊन आकडे दाबले. कुलपाने एकदा क्षीणपणे डोळा मिचकावला आणि प्राण सोडला.

परत आलो तेव्हा तिघी माझ्याकडे बघत होत्या. अंधारातही मला ते कळलं.

"सगळी दारं बंद आहेत?" केतकीने विचारलं.

"तांत्रिकदृष्ट्या हो."

"अतांत्रिकदृष्ट्या?"

माझं लक्ष स्वयंपाकघराच्या खिडकीकडे गेलं होतं. संध्याकाळी सासूबाईंनी बेसन भाजलं, तेव्हा वास जावा म्हणून ती थोडी उघडी ठेवली होती. वरखाली सरकणारी काच, बाहेरून जाळी. आत लगेच भांडी घासायचं सिंक. मी जाळी काढली, काच वर सरकवली आणि खाली ओवीची खुर्ची ठेवली.

"ओवीला पाठवू का? ती बारीक आहे," केतकी म्हणाली.

"नको, आत अंधार आहे. लागेल तिला कुठे." घरातला कर्ता पुरुष या नात्याने मी फोनचा टॉर्च दातात धरला आणि डोकं आत घातलं.

डोकं गेलं. खांदे गेले. पोट जरा चर्चा करून गेलं. हात सिंकच्या पलीकडे ओट्यावर टेकले. आता फक्त कंबर आणि पाय आत घ्यायचे बाकी होते. तेवढ्यात वरची काच सुटली आणि धाडकन माझ्या कमरेवर येऊन बसली. जाड जॅकेट होतं म्हणून लागलं नाही. पण मी जागच्या जागी अडकलो. पुढे जाता येईना, मागे येता येईना. टॉर्च दातातून सुटून सिंकमध्ये पडला. नाकासमोर सासूबाईंची बेसनाची कढई भिजत होती.

"मकरंद, काय झालं?"

"काही नाही. दोन मिनिटं."

केतकीने बाहेरून काच वर ओढून पाहिली. ती तिरकी बसली होती, हलेना. मग तिने आणि ओवीने माझा एकेक पाय धरून ओढलं. एक बूट थोडा सैल झाला, बाकी प्रगती नाही. "थांब, मी काहीतरी शोधते," असं म्हणून केतकी अंधारात पहार, फावडं, जे मिळेल ते शोधायला गेली. ते सगळं गॅरेजमध्ये होतं.

मी कढईत तोंड घालून पडून राहिलो. अलार्म टिंव म्हणाला. मग मला समोर काहीतरी दिसलं. स्वयंपाकघराच्या पलीकडे आमची बैठकीची खोली. तिच्या छतावर लाल रंगाची लाट सरकत गेली. तिच्यामागून निळी. पुन्हा लाल. मोठ्या खिडकीतून, उत्तरेकडून, अख्खं घर रंगांनी भरून गेलं होतं.

"आई!" मी ओरडलो. "आला! घरात दिसतोय!"

बाहेरून सासूबाईंचा आवाज आला. "घरात?"

"हो, छतावर. इतका जोरदार आहे की आतपर्यंत आलाय. लाल आणि निळा."

"लाल आणि निळा एकाआड एक येतोय का?"

"हो."

"ठरावीक अंतराने?"

"हो, अगदी ठरावीक."

"मग ते पोलीस असतील," सासूबाई म्हणाल्या.

ते पोलीसच होते. अंधारात खिडकीशी बसलेल्या हॅरल्डना, आम्ही दिवे का विझवायला सांगितले हे कळलंच नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की शेजारचं घर काळोखात बुडालंय आणि एक जाडा माणूस टॉर्च तोंडात धरून खिडकीतून आत शिरतोय. एका चांगल्या शेजाऱ्याने जे करावं ते त्यांनी केलं.

पुढचं सगळं मी ऐकलं, पाहिलं नाही. बुटांचा आवाज आला, एक प्रखर झोत माझ्या पायांवरून फिरला असावा आणि एका तरुण बाईचा आवाज म्हणाला, "सर, स्टेप अवे फ्रॉम द विंडो."

"आय कॅनॉट," मी कढईतून म्हणालो.

"सर?"

"ही कॅनॉट," सासूबाई म्हणाल्या. तेहेतीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत पोचलेला तो आवाज होता. "ही इज माय सन-इन-लॉ. धिस इज हिज हाउस. ही इज नॉट अ थीफ. ही इज ओन्ली इन अ हरी."

"मॅम, व्हॉट आर यू ऑल डूइंग हिअर इन द डार्क?"

"वी आर वेटिंग फॉर अरोरा," सासूबाईंनी ध्रुवीय प्रकाशाचं पुस्तकातलं इंग्रजी नाव सांगितलं.

आता अडचण अशी की आमच्या शेजारच्या गावाचं नाव अरोरा आहे. ऑफिसरबाई थोडं थांबून हळुवारपणे म्हणाल्या, "मॅम, अरोरा इज टेन मिनिट्स दॅट वे." वाट चुकलेल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलतात तसा आवाज.

ओवीने मध्ये पडून सगळं एका दमात समजावून सांगितलं. आजीचं विमान, मे महिना, मेन स्विच, दार, खिडकी. माझ्या फजितीची इतकी मुद्देसूद मांडणी मी ऑफिसातही ऐकलेली नाही. तोवर हॅरल्डही काठी टेकत आले. माझा चेहरा घरात असल्यामुळे त्यांना मी ओळखू येईना. ते पायांकडे बराच वेळ बघत राहिले असं केतकी नंतर म्हणाली. मग सासूबाईंना पाहून त्यांची खात्री पटली आणि ते पुन्हा पुन्हा सॉरी म्हणू लागले.

"सिट डाउन," सासूबाईंनी त्यांना सांगितलं. ते माझ्या खुर्चीत बसले. मग त्या ऑफिसरबाईंकडे वळल्या. "अँड यू, प्लीज स्विच ऑफ युवर लाइट्स. द कार आल्सो. वी आर ऑब्झर्व्हिंग द स्काय."

पोलिसांना असं सांगायची माझी टाप नव्हती. पण खांद्यावरच्या रेडिओत काहीतरी पुटपुटल्याचा आवाज आला आणि बैठकीच्या छतावरच्या लाल-निळ्या लाटा बंद झाल्या. हातातला झोतही विझला. पुन्हा गडद अंधार झाला.

"आता मला ओढता का कोणी?" मी विचारलं.

मग ओवी अगदी हळू म्हणाली, "आजी. लुक."

त्यानंतर बाहेर कुणीही काही बोललं नाही. मी पंधरा-वीस सेकंद मोजले. आमच्या घरात तीन मराठी बायका एकत्र असताना एवढी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. "ओह माय गॉड," ऑफिसरबाई पुटपुटल्या. हॅरल्डनी नाक ओढलं.

"काय झालं? आला का? केतकी?"

"मकरंद," केतकी म्हणाली, "अरे, छपराच्या वर सगळं लाल झालंय. खांब उभे राहिलेत. लाल खांब, खाली थोडे हिरवे. हलतायत."

मी मान उचलून पाहिलं. अख्ख्या रांगेत उत्तरेकडे तोंड करून सगळ्यात पुढे मीच होतो. माझ्या उत्तरेला फ्रिज होता.

मग सासूबाई बोलायला लागल्या. आधी ऑफिसरबाईंना इंग्रजीत समजावलं की लाल रंग फार उंचावरच्या ऑक्सिजनचा, हिरवा त्याच्या खालच्या थरातला. बोलता बोलता इंग्रजी थांबलं. मग स्वतःशीच मराठीत म्हणाल्या, "मी फळ्यावर फक्त पांढऱ्या खडूने काढायचे. मुली विचारायच्या, बाई, कसा दिसतो? मी पुस्तकातलं वाक्य वाचून दाखवायचे. एकीलाही धड सांगता आलं नाही."

मी कढईतून तोंड जरा बाजूला केलं. मी फक्त म्हणालो, "आई, छान दिसतोय ना?"

"फार छान, मकरंदराव."

"मग आता मला बाहेर काढा."

"काढू हो. दोन मिनिटं हलू नका, केतकी फोटो काढतेय."

दोन मिनिटांची आठ-दहा झाली. शेवटी ऑफिसरबाईंना कर्तव्य आठवलं. त्यांनी काचेच्या एका कोपऱ्याला खालून गुद्दा मारला, ती मुकाट्याने वर गेली आणि मी मागे हॅरल्डच्या पुढ्यात येऊन बसलो. धडपडत उठलो, चष्मा पुसला, वर पाहिलं. छपरावर नेहमीचं काळं आकाश होतं आणि दोन चांदण्या. रात्री दोनपर्यंत मी तिथेच ब्लँकेट घेऊन बसलो. एक विमान दिसलं.

ओवीने खिडकीतून शिरून दार उघडल्यावर सासूबाई आत जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुम्ही असायला हवं होतं."

दोन दिवसांनी त्या गेल्या. निघताना त्यांनी केतकीने काढलेला फोटो फोनमध्ये घेतला आणि साताऱ्याला पोचल्याच्या आठवड्यात तो मोठा करून, फ्रेम करून भिंतीवर लावला. फोटो खरंच सुंदर आहे. वर लालभडक आकाश, खाली काळं घर, आणि घराच्या मधोमध खिडकीतून बाहेर आलेले दोन पाय. अंधारात फोटो काढायचा तर कॅमेऱ्यासमोरच्यांनी काही सेकंद अजिबात हलायचं नसतं. ओवी हलली, ऑफिसरबाई हलल्या, हॅरल्डचं तर नुसतं धुकं झालंय. पाय मात्र इतके स्पष्ट आलेत की बुटाच्या तळव्यावरचा नंबर वाचता येतो.

गेल्या डिसेंबरात आम्ही साताऱ्याला गेलो होतो. जिन्यात सासूबाईंच्या शेजारच्या काकू भेटल्या. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं, काही ओळख लागेना. मग त्यांची नजर माझ्या बुटांवर गेली आणि त्या एकदम प्रसन्न हसल्या.

"अगंबाई, मकरंदराव होय?"